पाया कच्चा

आमच्या गावात कुणाचं पोर किती शिकलं हे विचारायला शाळेत जावं लागत नसे. शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलंच असे, आणि ती भिंत नेमकी रस्त्याकडे तोंड करून होती. गुरुजींनी तिच्यावर गेरूने एक मोठी शिडी काढली होती, खालून वर तीस पायऱ्यांची. दोनचा पाढा पाठ झाला की दुसऱ्या पायरीवर खडूने तुमचं नाव चढायचं, तीनचा झाला की तिसऱ्या, असं करत तीसपर्यंत. त्याच्याही वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे चार ढग काढलेले होते. त्या ढगांत पोहोचलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही. कापसाच्या गाड्या भैंशाच्या बाजाराकडे निघाल्या की शाळेपाशी हमखास थांबायच्या. वाचता येणारा गाडीवान न येणाऱ्याला भिंत वाचून दाखवायचा आणि संध्याकाळपर्यंत पाच गावांना कळायचं की अमक्याचं पोट्टं अजून बारावरच बसून राह्यलं हाय. सोयरीक जमवणारेसुद्धा मुलीच्या घरी चहाला जाण्याआधी भिंतीवरून एक चक्कर मारून यायचे. मी शकुंतला, गावाची शकी, दीड वर्ष अठराव्या पायरीवर होते, एकोणीसचा पाढा अडला होता. मला ‘एकोणीसवाली’ म्हणायचे मेले.

गुरुजींचं एकच तत्त्व होतं. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची चढायची नाही. सातवीपर्यंतची अख्खी शाळा ते एकटे चालवायचे. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, टोपी, आणि हातात एक छडी, जी त्यांनी कधी कुणाच्या अंगावर उचलली नाही. तिने ते टेबलाच्या पायावर ठेका धरायचे. त्या ठेक्यावर साठ पोरं एका सुरात पाढे म्हणायची आणि तो आवाज पार नाल्यापलीकडच्या शेतात ऐकू जायचा. एकोणीस पंचे पंच्याण्णवपर्यंत मी फुलपात्र घासल्यासारखी लख्ख म्हणत जायची. पुढे ते जुने शब्द सुरू व्हायचे, चवदोदरसे, तेहतीसासे, बावन्नासे, आणि माझी जीभ अडायची. एकदा मी विचारलं, "गुरुजी, तेहतीसासे म्हंजे किती?" गुरुजी म्हणाले, "म्हंजे किती म्हंजे काय? तेहतीसासे म्हंजे तेहतीसासे." मी घरी जाऊन खडे मांडले, मोजले, आणि दुसऱ्या दिवशी ठेक्यावर जोरात म्हटलं, "एकोणीस साती एकशे तेहतीस!" ठेका थांबला. साठ पोरं थांबली. "चुकली," गुरुजी म्हणाले, "पुन्हा पयल्यापासून." बरोबर उत्तर देऊन चुकलेली मी त्या वर्गातली पहिलीच असेन.

आता हे लिहिताना माझी नात समोर बसली आहे. ती हैदराबादला असते, सुट्टीत आली आहे, आणि तिच्या टॅबवर गणिताचे धडे आहेत. पहिला धडा पुरता जमला की कुलूप उघडतं आणि दुसरा दिसतो. जमला नाही तर एक गुबगुबीत अस्वल मान हलवतं आणि तिला पुन्हा पहिल्या प्रश्नावर नेऊन सोडतं. चार दिवसांपासून ते अस्वल मान हलवतंय. माझा जावई म्हणतो, "आई, ही एकदम नवीन पद्धत आहे, मुलाचा बेस पक्का होतो." मी म्हटलं, असेल बाबा. मी स्वतः तीस-एक वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आहे, मला काय कळतंय.

आमचं घर म्हणजे तीन खोल्या, आणि हंगामात त्यातली मधली कापसाची. वेचणी सुरू झाली की त्या खोलीत कापूस भरत भरत आढ्याला टेकायचा, आणि आम्ही माणसं त्याच्या कडेकडेने अंग चोरून वावरायचो. भाकरीत तंतू, वरणात तंतू, केसांत तंतू. आईला त्याने शिंका यायच्या आणि ती शिंकता शिंकता भाकरी थापायची. थाप, थाप, आँक्छी, थाप. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, लाल मिरचीचा ठेचा, आणि ज्या दिवशी आईला राग आलेला असेल त्या दिवशी नुसताच ठेचा. बाबा फार कमी बोलायचे. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असे, "पाहू." बैल आजारी, पाहू. छत गळतंय, पाहू. आत्याने माझ्यासाठी किनवटकडचं एक स्थळ आणलं, मुलगा शेती करतो, बोलायला गोड आहे, तेव्हाही बाबा म्हणाले, "पाहू." आई मात्र चुलीपाशी बसून म्हणाली, "ते पाहतच राहतीन अन् एक दिवस वऱ्हाड दारात येईन." मी तेरा वर्षांची होते. गावची शाळा सातवीला संपत होती आणि माझी सातवी उन्हाळ्यात संपणार होती.

पुस्तकाची गोष्ट त्याच हिवाळ्यातली. भैंशाच्या बाजारात एक भजेवाला होता. त्याच्याकडे महाराष्ट्रातून रद्दी यायची आणि तो पुस्तकं पहिल्या पानापासून इमानाने फाडत फाडत त्यांत मिरचीभजे बांधून द्यायचा. आई भजे घेत होती, मी त्याच्या पायाशी पडलेलं पुस्तक बघत होते. दहावीचं गणित, मराठीतलं. शहाण्णव पानं बाजाराने खाऊन टाकली होती, सत्त्याण्णवपासून पुढचं शिल्लक होतं. मी मागितलं तर तो म्हणाला, "अजून अर्धा बजार बाकी हाय, बाई." आईने कंबर कसली. त्या माणसाशी तिने एवढी हुज्जत घातली, त्याच्या तेलाला, त्याच्या बेसनाला, त्याच्या बापजाद्याला इतकी नावं ठेवली की शेवटी त्याने ते पुस्तक आमच्या अंगावरच टाकलं. परतीच्या गाडीत मी ते उघडलं. सत्त्याण्णवाव्या पानाची पहिलीच ओळ होती, ‘हे आपण मागील प्रकरणांत सविस्तर पाहिलेच आहे.’ मी मनात म्हटलं, तुम्ही पाहिलं असेल, आम्ही त्यात भजे खाल्ले.

आणि त्या पुस्तकभर फुल्या होत्या. दोन आणि फुली, तीन आणि फुली, फुलीतून पाच वजा. आमच्या शाळेत फुलीचा एकच अर्थ, चूक. मला वाटलं हे पुस्तक कुणीतरी नापास केलेलं आहे, म्हणूनच रद्दीत आलं. पण फुल्या शाईच्या नव्हत्या, छापलेल्या होत्या, आणि शेवटच्या पानांवर उत्तरं होती. ती उत्तरं माझी खरी गुरू झाली. कापसाच्या ढिगावर पालथी पडून मी आधी उत्तर बघायची, मग गणित बघायची, आणि एकातून दुसरं कसं निघालं असेल याचा छडा लावायची. तीन फुल्यांतून चार गेले, उरले सतरा, तर एक फुली केवढी? गेलेले चार परत आणले की तीन फुल्यांचे एकवीस. झालं की! महिनाभराने मला कळलं की फुली म्हणजे चूक नव्हे, फुली म्हणजे अजून माहीत नसलेली गोष्ट. केवढा आनंद झाला होता मला त्या दिवशी. मी ढिगावरून खाली उडी मारली आणि आई ओरडली, "अवं कापूस दबते ना!" जे फाटक्या पानांत राहिलं ते मात्र राहिलंच. वजा गुणिले वजा अधिक का होतं हे मला कुठूनच कळेना. उत्तरांत होतं म्हणून मी मानून टाकलं, आणि पुढे गेले.

ते पुस्तक मी गुरुजींना दाखवायला नेलं ही माझी चूक. मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "हे समदं चुकलेलं हाय. पाह्य ना, किती फुल्या मारल्या हायेत." मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "शके, एकोणीसचं काय झालं?" वर्ग हसला. "खालची पायरी सोडून वर उडी मारणारं माणूस पडते. पयले पाढे, मंग बाकी समदं." हे ‘बाकी समदं’ फार मोठं होतं. वेळापत्रकात आठवड्याला चार तास तेलुगू होतं. आमच्यावर तेव्हा आंध्रचं सरकार होतं, सरकारी कागद, पाट्या, साहेब, सगळं तेलुगूत. पण गुरुजींनी त्या चार तासांपुढे लिहून ठेवलं होतं, ‘पाढे झाल्यावर’. भूमितीपुढेही तेच. गावालाही त्याची गरज वाटली नाही, कारण घरात मराठी, बाजारात व्यापाऱ्याशी हिंदी, आणि तेलुगू बोलणारा माणूस गावात आला तर तो वसुलीलाच यायचा, त्याच्याशी बोलण्यापेक्षा नाल्यापलीकडे निघून गेलेलं बरं.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबा तहसीलमध्ये सातबाऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या पहाणीच्या, नकलेसाठी गेले होते. तिथल्या एका भल्या कारकुनाने त्यांच्या हातात एक अर्ज दिला. उटनूरला मुलींची राहण्याजेवणाची शाळा आहे, परीक्षा घेऊन मुली घेतात. बाबांनी तो अर्ज घडी करून टोपीत ठेवून आणला आणि आईपुढे धरला. "पाहू," म्हणाले. आईने पाहिलंच नाही, सरळ माझा हात धरून शाळेत निघाली, कारण अर्जावर गुरुजींची सही आणि शेरा लागत होता.

गुरुजींनी अर्ज वाचला आणि टेबलावर ठेवला. "पोरगी हुशार हाय. मी नाई म्हंत नाही. पण एकोणीस पक्का नाही. एक वर्ष अजून बसू द्या."

"एक वर्षानं ते किनवटले भाकरी थापत बसन," आई म्हणाली. "मंग तिथं म्हना एकोणीस."

"पार्वतीबाई, पायरी सोडून—"

"काय पायरी लावली हो तुमी! मी नवी नवरी आली तं सासूनं पयल्याच दिवशी पन्नास माणसायचा सैपाक टाकला माह्यापुढं. मी म्हनली का, थांबा, आधी मले एका माणसाचं वरण पक्कं करू द्या, मंग दोघायचं? कच्चं-पक्कं केलं, वाढलं. जेवले लोक. कोणी मेलं नाही."

"सैपाक येगळा, गणित येगळं."

"येगळं कसं? मीठ कमी पडलं का मंग टाकता येते. चूलच पेटवली नाही तं काय खासान?"

गुरुजींनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. ते वाईट नव्हते, हे मी आज शपथेवर सांगेन. त्यांनी सही केली. पण खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी बोरूसारख्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘पाया कच्चा आहे.’ आणि शिक्का मारला. आईला वाचता येत नव्हतं, तिने सहीचा फराटा पाहून दोन्ही हात जोडले. मला वाचता येत होतं.

उटनूरला जायला तीन बसा बदलाव्या लागल्या. निर्मलच्या पुढे जंगल लागलं, सागाची झाडं रस्त्यावर वाकलेली, आणि पाट्या सगळ्या तेलुगू. बाबा प्रत्येक पाटीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, जणू मी वाचून सांगणार आहे. लेखी परीक्षा निभावली. अंकांना भाषा लागत नाही, आणि जिथे लागली तिथे मी कोरं सोडलं. मग तोंडी. बाबा अंगणात चिंचेखाली भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसले आणि मला यादगिरी नावाच्या चपराशाने आत नेलं. टेबलामागे एक जाड मिशांचे, चष्मेवाले साहेब होते. वरंगलकडचे असावेत. मराठीशी त्यांचा संबंध नव्हता, पण हैदराबादी हिंदी फर्मास होती आणि देवनागरी वाचता येत होतं. त्यांनी माझा अर्ज उचलला, शेऱ्यापाशी थांबले, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"क्या अम्मा, तुम्हारे सर ये क्या लिखे? पाया कच्चा है बोलके लिखे."

मी मान खाली घातली.

"तुम्हारे बावा का होटल है क्या?"

मला काही कळेना. "नाही जी. कापूस है."

"फिर? पाया कच्चा है तो और दो घंटे चूल्हे पे रखना ना! अर्जी पे काय कू लिखना?"

यादगिरी तोंड दाबून हसत होता. निजामाच्या मुलखात पाया म्हणजे एकच, बकऱ्याच्या खुरांचा रस्सा, सकाळी गरम नानबरोबर खातात तो. हे मला पुढे होस्टेलात कळलं. गुरुजींनी काळजावर दगड ठेवून लिहिलेलं सत्य साहेबांनी हॉटेलातली तक्रार म्हणून वाचलं. त्या वेळी मात्र मला एवढंच समजलं की माझ्या कच्च्या पायाला हे लोक हसताहेत. कान तापले माझे.

साहेब उठले आणि फळ्यावर लिहिलं, तीन फुली वजा चार बरोबर सतरा. खडू माझ्या हातात दिला. अहो, हे तर माझंच! कापसाच्या ढिगावरचं! मी एका दमात सोडवलं, खाली सात लिहिलं आणि सातभोवती गोल काढला. साहेब फळ्याजवळ आले, नाक लावून बघितलं, यादगिरीकडे वळले आणि टेबलावर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "एडु!" मग माझ्याकडे बोट करून, हसत हसत, "एडु! एडु!"

आमच्याकडे वेड्याला येडा म्हणतात आणि लाडाने किंवा रागाने येडू. माझ्या डोक्यात एकदम भडका उडाला. दीड वर्षं एकोणीसवाली, भिंतीवर नाव, शेऱ्यात पाया कच्चा, ते पायावरचं हसणं, आणि आता गणित बरोबर सोडवूनही येडू! "येडे तुमी!" मी किंचाळले. "तुमच्या घरचे समदे येडे! बरोबर हाय माहं गणित!" आणि खडू फेकून बाहेर पळाले.

चिंचेखाली बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसून मी ओक्साबोक्शी रडत होते. "मले येडी म्हंते तो. चाल घरी. नाई जात मी शाळेत." बाबा फडकं बांधायला लागले. एवढ्यात यादगिरी धावत आला, दोन्ही हात हलवत, "एडवकु बिड्डा, एडवकु!" आता हा पण येडीच म्हणतोय! आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरले नाही. माझे बाबा उभे राहिले. फडकं खाली पडलं, भाकरी धुळीत गेली. "अजून एक डाव येडी म्हन माह्या पोरीले," ते म्हणाले, "मंग सांगतो." ‘पाहू’ नाही म्हणाले. सांगतो म्हणाले.

यादगिरी दोन पावलं मागे सरला. बिचारा ‘रडू नको लेकरा’ एवढंच म्हणत होता. त्याने दोन्ही पंजे वर केले आणि एकेक बोट उघडत मोजलं, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु." सात बोटं आमच्या नाकापुढे धरली. "एडु बोले तो सात! साब बोले, सही है! सात!"

मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. यादगिरीने मला परत आत नेलं. साहेब रागावलेले नव्हते, थक्क झालेले होते. "एक्स आता," ते फळ्यावरच्या फुलीकडे बोट करून म्हणाले, "और एक से दस गिनती नहीं आती? तेलुगू सिखाते नहीं क्या तुम्हारे सर?"

"सिखाने वाले हैं. पाढे होने के बाद."

"पाढे कब होते?"

मी खरं ते सांगितलं. "हमारे गाव में किसी के नहीं होते."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले, हसून की कसे ते सांगता येत नाही. मग मला म्हणाले, बाहेर जाऊन बस, यादगिरीकडून दहापर्यंत शिक, आणि ये. त्या चिंचेखाली मी अर्ध्या तासात दहापर्यंत मोजायला शिकले, बाबाही माझ्याबरोबर शिकले, आणि बाबांचं तोम्मिदि, म्हणजे नऊ, माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी आत जाऊन म्हणून दाखवलं. साहेबांनी गुरुजींच्या शेऱ्याखाली तेलुगूत एक ओळ लिहिली आणि सही केली. यादगिरीने ती दारात आम्हाला हिंदीत सांगितली. "साब लिखे, पाया हम इधर पका लेंगे."

खोटं कशाला बोलू, सगळंच काही शिजलं नाही. त्या शहाण्णव पानांनी मला पुढे रडवलं. होस्टेलात अपूर्णांकांचं गणित आलं की माझं ताट तसंच राहायचं. पोरी निजायला निघायच्या आणि मी सहावीचं पुस्तक घेऊन पुन्हा मुळापासून बसायची. वजा गुणिले वजाचं कारण मला दोन वर्षांनी कळलं आणि तेव्हा लाज वाटली, की इतकी सोपी गोष्ट मी नुसती मानून चालले होते. म्हणजे गुरुजींचं खोटं होतं असंही नाही. खालचं लागतंच. पण ते लागतं हे मला वर गेल्यावर कळलं, खाली बसून नसतं कळलं. एवढं शिकायला एक आयुष्य गेलं, आणि जावयाला सांगायला गेले तर तो म्हणतो, "आई, ॲपमध्ये तसं सेटिंग नाही."

उटनूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गुरुजींना पाया पडायला गेले. शाळा सुटलेली होती. त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ते पुस्तक आणलं का?" ते माझ्या काखेतच होतं. मी त्यांना दाखवून मिरवणार होते, खरं सांगते. गुरुजींनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपण खाली तरटावर बसले, मांडीवर पाटी घेऊन.

"तुह्या बाबानं सांगितलं मले," ते म्हणाले. "फुली म्हंजे चूक नाही म्हने." मग जरा थांबून, "मी सातवी पास हाय, शके. माह्या गुरुजीनं मले पाढे पक्के करून देल्ले. मंग ते वारले. पुढचं मले कोणी दाखवलंच नाही. सावकाश सांग, घाई करू नको."

म्हणजे आम्हाला पुढे जाऊ न देणाऱ्या माणसाने पुढे काय आहे हे बघितलेलंच नव्हतं. त्या दिवशी मला नुसतं उंच वाटलं.

मी पहिलं उदाहरण दिलं. दोन फुली अधिक पाच बरोबर तेरा. पाच पलीकडे नेले की वजा होतात, तेरातून पाच गेले आठ, एक फुली चार. गुरुजींनी पाटीवर सुंदर अक्षरात उतरवलं, पाच पलीकडे नेले, आणि अधिकच ठेवले. अठराचे निम्मे नऊ. "चुकलं," मी म्हटलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा नऊ. "पाचानं तं काही केलं नाही," ते म्हणाले, "नुसती जागा बदलली त्यानं. तेवढ्यानं वजा काऊन झाला?" मला कारण सांगता येईना, ते भज्याच्या कागदांत गेलं होतं. मी म्हटलं, "होते तसं. लक्षात ठेवा." तिसऱ्यांदाही नऊ आले. उन्हं उतरत होती. त्यांच्या टोपीखालून घाम येत होता. त्यांनी पाटी पुसली, पुस्तकाकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, वर न बघता म्हणाले, "हे राहू दे आता. तू सकाळी जासीन. दुसरं कसं असते तेवढं दाखवून ठेव."

आणि मी, तेरा वर्षांची, त्यांच्या खुर्चीत बसलेली, काय म्हणाले?

"नाही गुरुजी. हे पक्कं होऊ द्या आधी."

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. "हो," म्हणाले, "बरोबर हाय तुहं." आणि पाटी समोर धरून पुन्हा लिहायला लागले, दोन फुली अधिक पाच. मी खाली उतरले, पाया पडले आणि पुस्तक काखेत मारून घरी निघाले. त्यांनी ते मागितलं नाही, आणि दुसरं उदाहरण त्या पुस्तकातच होतं.